आईची काळजी आणि तिच्या रोहिण्या



घरात दादी किंवा नानी ‘जीव घाबरतो’ म्हणाली, की ‘तुम्ही उगाच काळजी करता’ असे सांगून आपण मोकळे होतो. पण काळजी नुसती मनात राहत नाही. ताण आला की शरीरात अ‍ॅड्रेनलिन स्रवते, नाडी वेगाने चालते, रक्तदाब चढतो. हृदयाकडून रक्त नेणाऱ्या रोहिणीचे आतले नाजूक अस्तर तिला एरवी सैल ठेवते; ताणात त्याचे हे काम बिघडते आणि रोहिणी आकसू शकते. त्यातच पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन घटते, म्हणजे त्या अस्तराचा एक राखणदारच जातो.

स्वीडनमधील स्टॉकहोम येथे हृदयविकारातून उठलेल्या ३० ते ६५ वर्षांच्या स्त्रियांची पाहणी झाली. २००० साली ती प्रसिद्ध झाली. वैवाहिक जीवनात तीव्र ताण असणाऱ्यांना हृदयविकार पुन्हा उलटण्याचा धोका सुमारे तिप्पट आढळला. नोकरीतल्या ताणाचा मात्र तसा संबंध दिसला नाही. आणि आपण समजतो, बाई घरातच तर असते, तिला कसला ताण!

स्त्रियांत छातीच्या कळेबरोबर, कधी कळ नसतानाही, धाप, मळमळ, पाठ किंवा जबडा दुखणे, विलक्षण थकवा ही लक्षणे दिसतात. ‘गॅस झाला’ म्हणून ओवा चघळण्यात मोलाचा वेळ जातो. अशा वेळी तिला तडक इस्पितळात न्यावे.

एरवी रक्तदाब सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य मोजतात. मुलांनो, या आठवड्यात दादीला सोबत घेऊन जा.