पायताणाला तेल पाजा

(लोणंद येथे प्रौढांच्या रात्रवर्गापुढे केलेले भाषण)



आज मी पायताणाविषयी बोलणार आहे. कुणी म्हणेल, हा काय बोलायचा विषय झाला? ‘पायीची वहाण पायीच बरी’ असं आपण म्हणतो आणि वहाणेला कमी लेखतो. पण जरा विचार करा. बाजारात कांद्याची पोती पाठीवर घेणारा हमाल असो, रानात भांगलण करणारी बाई असो, नाही तर मेंढरांमागं हिंडणारा धनगर असो. सगळ्या अंगाचा भार शेवटी पायावर येतो. पाय दुखावला की काम बुडतं, आणि काम बुडलं की त्या दिवसाची कमाई बुडते.

कातडी वहाण महाग झाली आहे. ती चांगली ठेवली तर पुष्कळ दिवस साथ देते, हयगय केली तर एका पावसाळ्यात वाया जाते. ती कशी राखायची, एवढंच आज सांगतो.

आधी कातडं म्हणजे काय ते समजून घेऊ. कातडं ही जनावराची कातडीच. ती तशीच ठेवली तर कुजते. म्हणून ती बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात मुरवतात. याला कातडं कमावणं म्हणतात. कमावलेलं कातडं कुजत नाही, पण नुसतं कमावून ते मऊ होत नाही. कातड्यात दोराच्या पिळासारखे बारीक तंतू असतात. त्या तंतूंमध्ये तेल लागतं. गाडीच्या चाकाला वंगण नसलं की चाक करकरतं, आणि कातड्यात तेल नसलं की कातडं तडकतं. दोन्हीचं कारण एकच.

आपल्या जुन्या माणसांना हे पक्कं ठाऊक होतं. विहिरीवर विजेची मोटार आली नव्हती, तेव्हा बैलांच्या मोटेनं पाणी काढत. मोट कातड्याची. दिवसभर पाण्यात बुडायची, दिवसभर उन्हात यायची. तरी ती टिकायची, कारण तिला तेल पाजत. करडई भाजून तिचं काळं, चिकट तेल काढायचीही रीत होती. ते तेल मोटेला आणि नाड्याला चोळत. त्यानं पाणी आत शिरत नसे. मोटा गेल्या, पण ती अक्कल आपण का टाकायची?

जुन्या फौजेतही हेच चाले. कातडी बुटांना तेल, मेण आणि चरबी यांचं मिश्रण चोळत. त्याला डबिन म्हणतात. आपल्या सातारा जिल्ह्यात फौजेतून आलेली माणसं गावोगाव आहेत. कुणा म्हाताऱ्या जवानाला विचारा, ते सांगतील. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात थंड चिखलपाण्याच्या खंदकांत दिवसच्या दिवस उभं राहून हजारो शिपायांचे पाय सडले. गोळी न लागता माणसं निकामी झाली. ओल्या पायताणात पाय राहिला तर काय होतं, ते तेव्हा जगाला कळलं.

आता आपल्या भागाचं बघू. महाबळेश्वर आपल्याच जिल्ह्यात. तिथं पाऊस धो धो पडतो. लोणंदकडं तसा पडत नाही, इकडं ऊन फार. म्हणून आपल्या वहाणेला दोन वैरी. उन्हाळ्यात तेल आटून कातडं तडकतं. पावसाळ्यात पाणी शिरून कातडं फुगतं, त्यावर बुरशी चढते, शिवण उसवते. तेव्हा वर्षातून दोनदा तरी तेल द्या. एकदा चैत्रात, एकदा रोहिणी नक्षत्रात, म्हणजे मृगाचा पाऊस यायच्या आधी. पाऊस सुरू झाल्यावर धावाधाव करणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

तेल हवं की नको, हे कसं ओळखायचं? सोपं आहे. वहाणेवर पाण्याचा एक थेंब टाका. अळवाच्या पानावर राहतो तसा थेंब वर राहिला, तर अजून तेल आहे. थेंब आत मुरला आणि काळा डाग पडला, तर वहाण तहानलेली आहे.

तेल द्यायची रीत ऐका. पहिल्यांदा कोरड्या फडक्यानं धूळ झाडा. चिखल असेल तर ओल्या फडक्यानं पुसा. धुण्याचा सोडा लावू नका, तो कातड्यातलं तेल ओढून घेतो. मग वहाण सावलीत वाळू द्या. पुरती वाळली की थोडं एरंडेल कोमट करा आणि फडक्याच्या बोळ्यानं हलक्या हातानं चोळा. अंगठा, पट्टा, कान, सगळीकडं लावा. आपली जुन्या पद्धतीची वहाण खिळ्यानं ठोकत नाहीत, कातड्याच्या वादीनं शिवतात. आधी तुटते ती वादी. म्हणून शिवणीला विसरू नका. रात्रभर तशीच ठेवा. सकाळी वर राहिलेलं तेल पुसून टाका.

पावसासाठी आणखी एक करा. शंभर ग्रॅम एरंडेलात पंचवीस ग्रॅम मधमाशीचं मेण घाला. हे भांडं गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा. थेट जाळावर ठेवू नका, तेल पेट घेईल. मेण विरघळलं की ढवळा आणि गार होऊ द्या. मलम तयार होतं. ते शिवणीवर आणि तळाच्या कडांवर चोळा. तेल कातडं मऊ ठेवतं, मेण पाण्याला अडवतं.

काही गोष्टी मात्र करू नका. ओली वहाण चुलीजवळ किंवा कडक उन्हात वाळवू नका. ती आकसते, लाकडासारखी होते, आणि मग तेलानंही सुधारत नाही. रॉकेल, डिझेल, मोटारीचं जळकं ऑइल लावू नका. फुकट मिळतं म्हणून लोक लावतात, पण त्यानं पायाची कातडी बिघडते. जवसाचं तेल नको, ते वाळून कडक होतं. आणि तेलाचा माराही नको. फार तेलानं वहाण लुळी पडते, धूळ धरते.

दुसरी खरी गोष्टही सांगायला हवी. कितीही तेल पाजलं तरी कातडं रबर होत नाही. रात्री पिकाला पाणी धरायला जाताना वहाण नको. अंधारात घोणस दिसत नाही, आणि वहाणेत पाय उघडाच राहतो. तेव्हा गुडघ्यापर्यंतचा रबरी बूट घाला आणि हातात बॅटरी घ्या.

ज्यांना साखरेचा आजार आहे, त्यांनी तर फार जपावं. त्यांच्या पायाला बधिरपणा येतो. कडक वहाण घासली तरी कळत नाही. फोड येतो, जखम चिघळते, कधी पाय कापायची पाळी येते. त्यांनी रोज रात्री पाय बघावा आणि वहाणेतून हात फिरवावा. काही टोचत असेल तर ती घालू नये.

शेवटी ज्यांच्या हातची ही कला, त्यांच्याविषयी दोन शब्द. संत रोहिदासांनी हेच काम केलं. दरवर्षी ज्ञानोबांची पालखी नीरा नदी ओलांडून आपल्या लोणंदला येते. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटरची ही वाट. त्या वाटेवर चर्मकार बांधव वारकऱ्यांचं तुटलेलं पायताण शिवून देतात. कित्येक जण पैसाही घेत नाहीत. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला सरकारी भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात आपला सातारा जिल्हाही आहे. या कामाला हलकं म्हणायचे दिवस गेले. वहाण उसवली तर फेकू नका, वेळेवर शिवून घ्या. तुमचे पैसे वाचतील, आणि कारागिराच्या हाताला काम मिळेल.

तर मंडळी, आज घरी गेल्यावर पायताण हातात घ्या आणि पाण्याचा एक थेंब टाकून बघा. थेंब मुरला तर उद्या तेल आणा. एवढं बोलून मी थांबतो.