प्रोग्रामरच्या मनातील तोतयेपणाची भीती
कर्तृत्व सिद्ध होऊनही आपण त्यास पात्र नाही आणि कधीतरी आपले बिंग फुटेल, अशी जी भीती मनात घर करते, तिला पॉलीन क्लान्स आणि सुझॅन आइम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये ‘इम्पोस्टर फिनॉमेनन’ हे नाव दिले. सॉफ्टवेअर क्षेत्रात ती विशेष फोफावते, कारण कोड रिव्ह्यूमध्ये, म्हणजे नवा कोड मुख्य प्रणालीत मिसळण्यापूर्वी सहकाऱ्यांनी तो तपासण्याच्या पद्धतीत, आलेला प्रत्येक शेरा नवख्याला स्वतःच्या अकलेवरचा वाटतो. वस्तुतः मुरलेल्या प्रोग्रामरच्या कोडवरही शेरे येतातच. कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या साधनात प्रत्येक बदल कर्त्याच्या नावानिशी नोंदला जात असल्याने, स्वतःचा जुना कोड काढून पाहणे हा आपल्या प्रगतीचा कोरड्या धीरापेक्षा भक्कम पुरावा ठरतो. मात्र जेथे शंका विचारणाऱ्याची टर उडवली जाते, तेथे दोष कामाच्या रीतीचा असतो आणि तो ज्येष्ठांनीच दूर करावयास हवा.