घराचा विमा : कर्ज फिटल्यावर
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)

घराच्या विम्याचे क्लेम साध्याच कारणांनी होतात : शॉर्ट सर्किटची आग, वादळ, वीज, पूर, फुटलेला पाइप. आपल्याकडे उन्हाळाभर कूलर-एसी चालतात, वायरिंग मात्र जुनंच. जुलै 2022 मध्ये वर्धा नदीच्या पुरानं वरोरा तालुक्यातली गावं वेढली होती. 1 एप्रिल 2021 पासून ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी मिळते. त्यात ही सगळी कारणं येतात. भिंतीची जुनी ओल येत नाही, आणि नुसत्या घरफोडीसाठी वेगळा विमा लागतो. कर्ज असेपर्यंत बँक विम्याची आठवण देते. कर्ज फिटलं, की आठवण देणारं कोणी उरत नाही. तेव्हा आज घरी गेल्यावर कपाटातली पॉलिसी काढा आणि तिची मुदत बघा.