सेवकांच्या हातांचे शिक्षण
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणिसांनी आम्हांस बोलावणे धाडले तेव्हा 'आरोग्याविषयी चार शब्द सांगावेत' एवढेच सुचविले होते. आहार, व्यायाम, मधुमेह असे काही त्यांच्या मनात असावे. परंतु आमचे आयुष्य रुग्णालयांच्या वॉर्डांत परिचारिका म्हणून आणि पुढे परिचारिकांना व वॉर्डांतील सेवकांना शिकविण्यात गेले. तेव्हा जे ठाऊक आहे तेच बोलावे हे बरे. रुग्णाची सेवा करणाऱ्याला रुग्णाचा रोग लागू नये आणि त्याच्या हातून तो दुसऱ्या रुग्णाकडे जाऊ नये, ह्यासाठी त्याला काय शिकवावे लागते आणि कोणाला शिकवावयाचे आपण विसरतो, एवढाच आमचा विषय आहे. तो थोडा रुक्ष वाटल्यास क्षमा असावी.

१८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. सावित्रीबाई फुले त्या वेळी आपले चिरंजीव डॉ. यशवंतराव ह्यांच्यासह रुग्णांच्या सेवेत होत्या. रुग्णांना उचलून आणण्यासही त्या कचरल्या नाहीत, आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. उंदरांवरील पिसवांच्या द्वारे प्लेग पसरतो हे पॉल-लुई सीमाँ ह्या फ्रेंच संशोधकाने १८९८ साली दाखविले. म्हणजे सावित्रीबाईंना ज्या रोगाने नेले त्याची वाट तेव्हा नीट कोणासच ठाऊक नव्हती. त्या मृत्यूपुढे आपण मस्तक नमवितो. परंतु आज बहुतेक रोगांची वाट ठाऊक असूनही सेवक आजारी पडतात, तेथे मस्तक नमवून भागत नाही. कोणी शिकविले होते काय, हे विचारावेच लागते.

त्याच प्लेगच्या काळातील दुसरी एक हकीकत आम्ही प्रत्येक नव्या वर्गास पहिल्या दिवशी सांगतो. मुंबईत डॉ. हाफकीन ह्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १८९७ च्या जानेवारीत प्रथम स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. पुढे परळ येथील त्यांच्या प्रयोगशाळेतून देशभर लस जाऊ लागली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल ह्या गावी १०७ लोकांना ती टोचण्यात आली, आणि त्यांपैकी १९ जण काही दिवसांतच धनुर्वाताने दगावले. ही १९ माणसे एकाच बाटलीतील लस घेतलेली होती. इतर बाटल्यांतील लस घेतलेल्यांना काहीही झाले नाही. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला, हाफकीनसाहेबांना पदावरून दूर व्हावे लागले, आणि सर रोनाल्ड रॉस ह्यांच्यासारख्यांनी बाजू घेतल्यावर १९०७ साली त्यांच्यावरील आळ दूर झाला. मग घडले काय होते? बाटलीचे बूच काढावयाचा चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो पुरता निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे आपण सारे जाणतोच.

त्या चिमटा धरणाऱ्या सहायकाविषयी आम्हांस राग येत नाही. गर्दी असेल, घाई असेल, साहेब पुढची बाटली मागत असतील. चिमटा पडला तर काय करावयाचे हे त्याला सांगितले गेले असेलही. पण सांगणे निराळे आणि हाताला वळण लावणे निराळे. घाईच्या वेळी मनुष्य ऐकलेले आठवीत नाही. हाताला जे सवयीचे झाले तेच हात करतो.

म्हणून आमचे शिकविणे फळ्यापासून सुरू होत नाही. परातीत गुलाल कालवून आम्ही तो शिकाऊ मुलींच्या हातांना चोळावयास लावतो, डोळ्यांवर रुमाल बांधतो आणि साबण-पाण्याने हात धुण्यास सांगतो. रुमाल सुटल्यावर त्या आपल्याच हातांकडे पाहून हसू लागतात. अंगठा लालच असतो, नखांच्या कडा लाल असतात, बोटांच्या बेचक्यांत रंग तसाच असतो. तळहात मात्र स्वच्छ! आपण सारे तळहात धुतो आणि हात धुतले असे म्हणतो. साबण-पाण्याने नीट धुण्यास चाळीस ते साठ सेकंद लागतात, मद्यार्कयुक्त द्राव चोळावयाचा तर वीस ते तीस. हे आकडे पाठ करून उपयोग नाही. गुलाल जाईपर्यंत धुवावे, म्हणजे वेळेचा अंदाज हातालाच येतो.

हातमोज्यांचेही तसेच. मोजे घालणे कोणालाही जमते, काढणे मात्र शिकावे लागते. मोज्यांवर कुंकवाचे पाणी ओतून ते काढावयास सांगितले की दहांतील आठ जणींच्या मनगटांवर लाल शिंतोडे येतात. एका मोज्याची बाहेरची बाजू दुसऱ्या मोज्यानेच धरून तो उलटा करीत काढावयाचा, तो मुठीत ठेवावयाचा, आणि मोकळ्या झालेल्या हाताचे बोट दुसऱ्या मोज्याच्या आत सरकवून तोही त्यावर उलटावयाचा. मग पुन्हा हात धुवावयाचे, कारण मोज्याला न दिसणारे छिद्र असू शकते. हे वीस वेळा केल्यावाचून अंगवळणी पडत नाही.

बांगड्यांचा प्रश्न येथेच उभा राहतो. कोपरापासून खाली हात उघडे हवेत, अंगठी नको, बांगडी नको, असे सांगितले की नव्याने लग्न झालेल्या मुली गोंधळून जातात. सासू काय म्हणेल ही भीती खोटी नसते. आम्ही एकदा एका मुलीच्या सासूबाईंनाच वर्गावर बोलावले आणि त्यांच्याही हातांना गुलाल चोळला. बांगड्यांखालची लाल रेघ त्यांनी स्वतः पाहिली. 'कामाच्या वेळी काढीत जा, घरी आलीस की घाल,' असे त्या सुनेला म्हणाल्या. आमच्या दहा व्याख्यानांनी जे साधले नसते ते त्या रेघेने साधले.

आता जे सांगावयाचे आहे ते आमच्या मनाला आजही बोचते. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या वॉर्डात एक आया होत्या. चादरी गोळा करणे, फरशी पुसणे, रुग्णांची भांडी काढणे ही त्यांची कामे. एका सकाळी मळक्या चादरींच्या गाठोड्यातून निघालेली सुई त्यांच्या बोटात घुसली. कोणीतरी घाईत सुई बिछान्यावरच टाकली होती. आयांनी पदर फाडून बोट बांधले आणि काम पुढे चालू ठेवले. कोणालाही सांगितले नाही, कारण 'सुईला हात का लावलास' म्हणून आपल्यालाच बोल लागेल, असे त्यांना वाटले. दोन-अडीच महिन्यांनी त्या काविळीने अंथरुणाला खिळल्या. ती हेपॅटायटिस बी ची कावीळ होती. दूषित सुई टोचल्यास, लस न घेतलेल्यांत शंभरातील तीसपर्यंत लोकांना ह्या विषाणूचा संसर्ग होऊ शकतो. एच.आय.व्ही.चे प्रमाण हजारात तीनच्या आसपास आहे. आम्हां परिचारिकांना त्या आजाराची लस टोचलेली होती. आयांना नव्हती. 'त्या कुठे सुया हाताळतात?' असे कोणीतरी म्हटले होते, आणि आम्हीही तेव्हा गप्प बसलो होतो.

आया वाचल्या, पण पूर्वीची शक्ती पुन्हा आली नाही. त्यांनी तेव्हाच सांगितले असते तर जखम साबण-पाण्याने धुऊन, रक्त तपासून वेळीच प्रतिबंधक टोचण्या देता आल्या असत्या. एच.आय.व्ही.ची औषधे तर शक्यतो दोन तासांत आणि बहात्तर तासांच्या आत सुरू करावी लागतात. म्हणून आमच्या वर्गात अलीकडे सर्वांत मोठा धडा हात धुण्याचा नसतो. सुई टोचली की त्याच क्षणी वरिष्ठांना सांगावयाचे, आणि वरिष्ठांनी रागवावयाचे नाही, हा असतो. पैकी दुसरा भाग शिकविणे अधिक कठीण जाते.

आपल्या ज्ञातीच्या व्यासपीठावरून एक गोष्ट बोलण्याचे आम्ही धाडस करतो. आपल्या घरांत सोवळ्याची मोठी परंपरा होती. आमच्या आजीने धूतवस्त्र नेसल्यावर आम्ही अंगणातही जवळ जात नसू. स्वच्छतेचे हे भान आपल्याला रुग्णालयात उपयोगी पडेल असे आम्हांस प्रारंभी वाटे. प्रत्यक्षात ते आडवे आले. सोवळे माणसाचा स्पर्श पाहते, जंतू माणसाची जात पाहत नाहीत. सोवळ्याच्या हिशेबी झाडणारा मुळातच अस्वच्छ, मग त्याला मोजे कशाला आणि लस कशाला? घाणीचे काम ज्यांच्या वाट्याला आपण पिढ्यानपिढ्या टाकले, त्यांना संरक्षणही शेवटीच मिळते, आणि तेही उरले तर. हे ऐकणे आपणांस जड जाईल ह्याची आम्हांस कल्पना आहे. बोलणेही सोपे गेले नाही.

ह्या दुर्लक्षाची किंमत केवळ सेवकच मोजतो असे नाही. २००१ च्या प्रारंभी सिलिगुडी येथे एक तापाची साथ आली. कारण त्या वेळी कळले नाही. तो निपा विषाणू होता हे साठवलेल्या नमुन्यांवरून पुढे २००६ साली प्रसिद्ध झाले. त्या साथीतील सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांना रोगाची बाधा रुग्णालयांतच झाली होती. त्यांत सेवक होते, शुश्रूषा करणारे नातलग होते आणि भेटीस आलेले लोकही होते. २०१८ च्या मे महिन्यात केरळात कोळिकोड परिसरात हाच रोग आला. पेरांब्र्याच्या रुग्णालयातील परिचारिका लिनी पुदुश्शेरी त्यात गेल्या. परंतु ह्या वेळी डॉक्टरांनी संशय लवकर घेतला, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने निदान पक्के केले, रुग्ण निराळे ठेवले गेले आणि सेवकांना संरक्षक पोशाख चढविण्या-उतरविण्याची तालीम देण्यात आली. साथ आटोपली. पुढल्याच वर्षी, जून २०१९ मध्ये, एर्नाकुलम येथे एक तरुण ह्या रोगाने आजारी पडला, तेव्हा त्याच्यापासून दुसऱ्या कोणासही बाधा झाली नाही. विषाणू तोच, औषध तेव्हाही नव्हते. माणसे तयार होती.

आता घरचा विषय. आपल्या ज्ञातीत डॉक्टर पुष्कळ आहेत. कोणाचे प्रसूतिगृह आहे, कोणाची रक्त-लघवी तपासण्याची प्रयोगशाळा, कोणाचा दहा खाटांचा दवाखाना. तेथे एखादी आया असते, एखादा झाडणारा असतो, तपासणीच्या बाटल्या धुणारा मुलगा असतो. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार कचरा हाताळणाऱ्या प्रत्येक सेवकाला नेमणुकीच्या वेळी व पुढे दर वर्षी प्रशिक्षण द्यावयाचे असते, आणि हेपॅटायटिस बी व धनुर्वाताची लस टोचावयाची असते. सुया पांढऱ्या, न फुटणाऱ्या डब्यात, रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत, प्लास्टिकच्या नळ्या लाल पिशवीत, फुटकी काच निळ्या खोक्यात, हे तर बहुतेक दवाखान्यांच्या भिंतीवर चिकटविलेलेच असते. ते वाचता येत नसलेल्या आयांना ते कोणी दाखविले, एवढेच आपण आपापल्या ठिकाणी जाऊन विचारावे.

आमची कार्यकारी मंडळास विनंती आहे की, आपले सभागृह महिन्यातील एक रविवार ह्या कामासाठी मिळावे. मागील अंगणात चार नळ आहेत, ते पुरेत. शिकविण्यास आम्ही व आमच्या दोन सहकारी विनामूल्य येऊ. गुलाल, परात, मोजे आम्ही आणू. सभासद डॉक्टरांनी आपापल्या आया, झाडणारे आणि मदतनीस ह्यांना धाडावे, त्या दिवसाची मजुरी कापू नये आणि शक्य तर स्वतःही यावे. मोजे काढावयास डॉक्टरांनाही नीट येतात असा आमचा अनुभव नाही. शिकावयास येणाऱ्या सर्वांनी एकाच सतरंजीवर बसावयाचे आहे आणि दुपारची पंगतही एकच राहील. नावे चिटणिसांकडे द्यावीत. लस घेतलेली नसल्यास तेही तेथेच लिहावे.