शिष्यवृत्तीचा एक परत गेलेला अर्ज



गतवर्षी शिष्यवृत्ती-समितीकडे एका विद्यार्थ्याचा अर्ज आला. त्यास मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकावयाची होती. आमच्या नियमांत वैद्यक व अभियांत्रिकी एवढेच विषय असल्याने आम्ही तो अर्ज परत पाठविला. वर, 'आधी धंद्याचे शिक्षण घे, मग डॉ. लागूंप्रमाणे कला जोपास,' असा उपदेशही केला.

हा दाखला आम्ही अर्धाच वाचला होता. डॉ. श्रीराम लागू नाक-कान-घशाचे शल्यविशारद होते. पुण्यात व पुढे टांझानियात त्यांनी व्यवसाय केला. परंतु हौशी रंगभूमीवर वर्षानुवर्षे राबल्यावर १९६९ साली, चाळिशी उलटल्यानंतर, त्यांनी तो व्यवसाय सोडला आणि ते पूर्णवेळ नट झाले. 'नटसम्राट' आले ते त्यानंतर, १९७० साली. म्हणजे ज्यांचे नाव घेऊन आम्ही मुलास अडविले, त्यांनी अखेर कलाच पत्करली.

आईबापांची काळजी आम्ही जाणतो. आमच्यापैकी पुष्कळांचे संसार महिन्याच्या पगारावरच उभे राहिले, आणि हौसेने घेतलेली बाजाची पेटी माळ्यावर गेली. (आमचीही तेथेच आहे.) परंतु चित्रकला शिकून शिक्षकी, जाहिरात वा मुद्रण यांत पोट भरता येते, याची साधी चौकशीही आम्ही केली नाही.

त्या मुलाने वाणिज्य शाखेत नाव घातल्याचे कळते. नियमांत 'ललितकला' हा शब्द घालावा, अशी सूचना आम्ही या सभेपुढे ठेवीत आहोत. संमती मिळाल्यास त्याच्या घरी आम्ही स्वतः जाऊ.