लांबची धाव आणि वीणेची तार
(विहारात वर्षावासानिमित्त केलेले भाषण)



मी काही विद्वान वक्ता नाही. गिरणीत साच्यावर उभा राहणारा माणूस. शाळा सातवीत सुटली, पुढचे शिक्षण या विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांनी केले. आज धम्मावर बोलायचे आहे, पण सुरुवात धावण्यापासून करतो. हसू नका!

जानेवारी २०२३ मध्ये मी मुंबई मॅरेथॉन धावलो. पूर्ण अंतर, म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर. वर्षभर सराव केला होता. हिशेब कागदावर मांडला होता : एका किलोमीटरला आठ मिनिटे, म्हणजे सुमारे ५ तास ३८ मिनिटांत शर्यत पुरी. पण पहाटे सीएसटीसमोर हजारोंची गर्दी पाहिली अन् कागद खिशातच राहिला. थंड हवा, ढोलताशे, शेजारून पळणारी पोरं. वाटलं, आज आपल्याला कोण अडवतो!

पहिले दहा किलोमीटर ८० मिनिटांत करायचे, ते ६४ मिनिटांत केले. सोळा मिनिटे कमावली म्हणून खुशीत होतो. तहान नव्हती म्हणून पाण्याची टेबलेही सोडली. अर्धे अंतर २ तास २५ मिनिटांत झाले. शिवाजी पार्कजवळून जाताना चैत्यभूमीच्या दिशेने हात जोडले, तेव्हा पाय जड झाले होते. तीस किलोमीटरनंतर तर मांड्यांत गोळे आले. परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ मी कठडा धरून चढलो. मघाशी मागे टाकलेली माणसे शांतपणे पुढे जात होती. एका आजींनी मला मिठाची चिमूट अन् संत्र्याची फोड दिली. शेवटचे बारा किलोमीटर चालतच काढले. एकूण लागले ६ तास १० मिनिटे. कमावलेली सोळा मिनिटे गेलीच, वर बत्तीस मिनिटे दंड बसला!

नंतर वाचून कारण समजले. शरीरात साखरेचा साठा मर्यादित असतो. वेग वाढवला की तो भराभर जळतो, आणि तिसाव्या किलोमीटरच्या आसपास कोठार रिकामे होते. केल्विन किप्टम या केनियाच्या धावपटूने ऑक्टोबर २०२३ मध्ये शिकागोला २ तास ३५ सेकंदांचा विश्वविक्रम केला, तेव्हा त्याचा दुसरा अर्धा भाग पहिल्यापेक्षा जलद होता. खरे तर हे गिरणीत आम्हाला ठाऊक असते. साचा उगाच जोरात पळवला की धागे तुटतात, ते सांधण्यात वेळ जातो आणि पाळीअखेर सूत कमीच भरते. ठाऊक असूनही विसरलो.

आता धम्माकडे येतो. सोण नावाचा भिक्खू श्रीमंत घरातला. चंक्रमण करून करून त्याचे पाय रक्तबंबाळ झाले, तरी मुक्ती मिळेना. घरी परत जावे असे मनात आले. भगवंतांनी त्याला वीणेची आठवण दिली : तार फार ताणली तर स्वर नाही, सैल सोडली तरी स्वर नाही. पुढे त्याला वहाणा घालायची परवानगी मिळाली, तर तो म्हणाला, सर्व संघाला मिळत असेल तरच घालीन. तेव्हा एकतळी वहाणा सगळ्यांनाच मंजूर झाल्या. प्रयत्न बेताने करायचा आणि सोबत्यांना मागे ठेवायचे नाही, हे दोन्ही धडे एकाच गोष्टीत आहेत.

मित्रांनो, खरी गोष्ट पुढेच आहे. काही वर्षांपूर्वी मी इथे रोज रात्रीचा अभ्यासवर्ग काढला होता. पहिल्या महिन्यात चाळीस मुले, दिवाळीपर्यंत सात, मग कुलूप. तेव्हा याच जागी उभा राहून मी म्हणालो होतो, “या पिढीला तळमळ नाही.” ते खोटे होते. दिवसभर काम करून येणाऱ्या पोरांना मी पहिल्याच दिवशी दौडायला लावले होते. पेडर रोडच्या चढावर मला ते कळले. त्या मुलांची आज सर्वांसमोर माफी मागतो.

आता वर्ग फक्त रविवारी असतो, दीड तास. मुले अकराच आहेत, पण दोन वर्षे झाली, एकही सुटलेला नाही. तुमची मुले पाठवा. थकलेलं पोर उशिरा आलं तरी चालेल, त्याच्यासाठी आम्ही थांबू.

जय भीम! नमो बुद्धाय!