शेजारी कोण?
(गंगाखेड येथे तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

या अभ्यासवर्गाचा विषय ठरत असताना आपल्यातील एका तरुण सहकाऱ्याने मला विचारले, ''ख्रिस्ती मूल्ये म्हणून जी सांगितली जातात ती सर्वसामान्य मानवी नीतिमूल्यांहून वेगळी असतात काय? आणि वेगळी नसतील, तर माणसे धर्म कशासाठी बदलतात?'' प्रश्न साधा आहे, पण त्याची जी दोन उत्तरे नेहमी दिली जातात ती मला पुरेशी वाटत नाहीत. सर्वधर्मसमभावाच्या सभेत आपण सांगतो की सर्व धर्म एकच शिकवितात. हे ऐकायला गोड असले तरी विचार करण्याचे कष्ट त्यात वाचविलेले असतात. धर्मोपदेशक सांगतो की आमच्या श्रद्धेवाचून नीती अपुरीच राहते. यात अहंकार असतो. सत्य या दोहोंच्या मध्ये कोठे तरी आहे, आणि ते शोधण्यासाठी तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांइतकाच आपल्या मराठी मुलखाचा इतिहासही उपयोगी पडतो.

लूककृत शुभवर्तमानात चांगल्या शोमरोन्याची कथा आहे. लुटारूंनी मारहाण करून अर्धमेला टाकलेला एक मनुष्य वाटेवर पडलेला असतो. याजक त्याला पाहून बाजूने निघून जातो, लेवीही जातो. आणि ज्या शोमरोनी जमातीला यहुदी लोक तुच्छ लेखीत, तिच्यातला एक प्रवासी थांबून त्याच्या जखमा बांधतो. आता आपल्या गोदावरीच्याच काठी, येथून वर पैठणला, एकनाथांविषयी जी कथा सांगतात ती आठवा. तापलेल्या वाळवंटात रडणारे महाराचे पोर नाथांनी कडेवर घेतले आणि त्याच्या घरी नेऊन पोहोचविले. सोवळ्याओवळ्याचा विचार त्यांनी केला नाही. नाथांनी हे करण्यासाठी शुभवर्तमान वाचले होते असे कोणी म्हणणार नाही. म्हणजे करुणा ही कोणत्याही एका धर्माची वतनी जमीन नव्हे. एवढ्यापुरते आपले पहिले उत्तर बरोबर आहे.

परंतु दोन्ही कथा जवळजवळ ठेवून पुन्हा पाहा. नाथांच्या कथेत प्रतिष्ठित मनुष्य बहिष्कृताला उचलतो. येशूच्या कथेत बहिष्कृतच प्रतिष्ठितांना नीती शिकवितो. पहिली दयेची कथा आहे. दुसरीत दयेबरोबर मानहानीचा उलटा न्यायही आहे. मूल्य एकच, परंतु त्याला प्रकाश कोणत्या बाजूने मिळतो यात अंतर आहे. धर्माधर्मांतील नैतिक भेद बहुधा अशाच स्वरूपाचे असतात. आज्ञांच्या यादीत ते फारसे सापडत नाहीत; कोणत्या आज्ञेवर किती भर दिला आणि ती कोणाच्या बाजूने सांगितली, यात ते सापडतात.

हा भर किती मोलाचा असू शकतो हे पंडिता रमाबाईंच्या चरित्रावरून समजते. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. लंडनजवळ फुलहॅम येथे, समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या स्त्रियांना ख्रिस्ती भगिनी प्रेमाने सांभाळीत असलेल्या त्यांनी पाहिल्या. शास्त्रे मुखोद्गत असलेल्या त्या विदुषीला प्रश्न पडला की या स्त्रियांविषयी अशी कणव आपल्या धर्मग्रंथांत मला का आढळली नाही? येशू आणि शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची कथा त्यांना तेथेच ऐकविण्यात आली, आणि त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'सर्व धर्म सारखेच' असे रमाबाईंना सांगणे म्हणजे त्यांच्या अनुभवाचा अपमान करणे होय. ज्याला भाकर मिळाली नाही त्याला सर्व घरांत भाकर असतेच असे सांगून काय उपयोग?

पण त्याच रमाबाईंची पुढची कहाणीही सांगितली पाहिजे. इंग्लंडमध्ये पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकविण्याचा प्रश्न निघाला तेव्हा चर्चच्या अधिकाऱ्यांनी हरकत घेतली. आणि श्रद्धेच्या बाबतीतही वरिष्ठ सांगतील ते निमूटपणे मानण्याचे रमाबाईंनी नाकारले. ज्या विवेकाने त्यांना ब्राह्मणी शास्त्रांविषयी प्रश्न विचारायला लावले, त्याच विवेकाने त्यांना धर्माधिकाऱ्यांपुढे ताठ उभे केले. हा विवेक ख्रिस्ती होता की हिंदू? माझ्या मते तो मानवी होता.

आपल्या मराठवाड्याच्या परिसरातही हा अनुभव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ, निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर, बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसविली. ब्राह्मण कुळातून आलेल्या या मिशनऱ्याभोवती जी माणसे जमली ती प्रामुख्याने मांग समाजातील होती. ज्यांना गावकुसाच्या आत राहण्याची बंदी होती त्यांच्यासाठी ख्रिस्ती मूल्य म्हणजे कोणी तरी आपल्याला नावाने हाक मारावी, ही गोष्ट होती. त्यांनी धर्म बदलला तो मूल्ये नवी होती म्हणून नव्हे. जुन्याच मूल्यांची अंमलबजावणी त्यांच्या वाट्याला प्रथमच येत होती. आपल्या सहकाऱ्याच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाला माझे हे उत्तर आहे.

आणि तरीही जात चर्चच्या दारातून आत गेलीच. भारतात कितीतरी ठिकाणी दलित ख्रिस्ती वेगळ्या बाकावर बसला, वेगळ्या दफनभूमीत गेला. राज्यसंस्थेनेही त्याची अडचण वाढविली. अनुसूचित जातींसंबंधीचा १९५० चा आदेश आरंभी मुख्यतः हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्याचा लाभ मिळाला, ख्रिस्ती व मुसलमान दलितांना तो अद्याप मिळालेला नाही. धर्म समता सांगतो, समाज जात पाळतो, आणि कायदा म्हणतो की धर्म बदलला म्हणजे जात संपली. या तिन्हींच्या मध्ये एक जिवंत मनुष्य चिरडतो आहे.

मग ख्रिस्ती मूल्य म्हणजे नेमके काय, याचा निवाडा कोणी करावयाचा? दक्षिण आफ्रिकेत डच रिफॉर्म्ड चर्चने वर्णविद्वेषाच्या राज्याला बायबलचा आधार पुरविला. त्याच बायबलच्या आधाराने बिशप डेस्मंड टुटू त्या राज्याविरुद्ध लढले. १९८२ साली रिफॉर्म्ड चर्चांच्या जागतिक संघाने वर्णविद्वेषाचे धार्मिक समर्थन हे पाखंड आहे असे जाहीर केले. ग्रंथ एक आणि अर्थ दोन झाले की निवड करण्यासाठी ग्रंथाबाहेरची कसोटी लागते. आणि 'या अर्थाने मनुष्याची प्रतिष्ठा वाढते की घटते', यापेक्षा वेगळी कसोटी मला दिसत नाही. महात्मा फुल्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तकात असे कुटुंब कल्पिले की ज्यात आई बौद्ध, बाप ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी असूनही सर्वांनी एकमेकांशी प्रेमाने वागावे. हे कुटुंब उभे राहू शकते ते चौघांच्याही खाली एकाच नीतीची जमीन आहे म्हणूनच. ती जमीन ईश्वरावरील श्रद्धेवाचूनही पायाखाली राहते. जुन्या परभणी जिल्ह्यातील कुरुंद्याचे नरहर कुरुंदकर निरीश्वरवादी होते. परंतु नीतीचा आग्रह त्यांनी सोडला असे त्यांचे टीकाकारही म्हणणार नाहीत.

आता शत्रूला क्षमा करण्याविषयी. ख्रिस्ती नीतीचे खास वैशिष्ट्य म्हणून हिचाच उल्लेख प्रथम होतो, आणि ते रास्त आहे. १९९९ च्या जानेवारीत ओडिशातील मनोहरपूर गावी ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुले यांना मोटारीत झोपलेले असताना जिवंत जाळण्यात आले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली आणि पुढेही काही वर्षे बारिपदा येथील कुष्ठरोग्यांची सेवा चालू ठेवली. परंतु कायद्याने आपले काम करू नये असे त्यांनी कधी म्हटले नाही. हा भेद फार महत्त्वाचा आहे. क्षमा हा ज्याच्यावर घाव पडला त्याचा अधिकार. न्याय हे समाजाचे कर्तव्य. घाव न सोसणाऱ्यांनी पीडिताला क्षमेचा उपदेश करावा, ही नीती नसून सोय आहे.

हे मी परभणी जिल्ह्यात बोलतो आहे याचे भान मला आहे. १९७८ च्या जुलै अखेरीस विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात दलितांच्या वस्त्या पेटल्या. हा जिल्हा त्याला अपवाद नव्हता. त्या वेळी समाजवादी विचारात वाढलेल्यांतही एकमत नव्हते. एस. एम. जोशी नामांतराच्या बाजूने उभे राहिले, पण सगळेच उभे राहिले नाहीत. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, त्यापाठोपाठ शहर अशांत झाले, धरपकड झाली, आणि १५ डिसेंबरला कायद्याचे शिक्षण घेणारा एक दलित तरुण न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. त्याच्या घरच्यांना 'झाले गेले विसरा' असे सांगण्याचा अधिकार ना पुरोहिताला आहे, ना पाद्र्याला, ना आपल्याला. आपल्याला फक्त एकच प्रश्न विचारता येतो, आणि तो शोमरोन्याच्या कथेतलाच आहे: वाटेवर पडलेल्या माणसाचा शेजारी कोण झाला?

मित्रहो, आपण ज्या गावी बसलो आहोत ते जनाबाईंचे गाव. नामदेवांच्या घरची ही दासी; तिच्या अभंगांत विठ्ठल तिच्याबरोबर दळण दळतो. देव दासीच्या जात्याला हात लावतो हे सांगणाऱ्या या परंपरेच्या मंदिराचे दार अस्पृश्यांना उघडावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये पंढरपुरात प्राणांतिक उपोषण करावे लागले. तेव्हा ख्रिस्ती बांधवांना 'तुमची मूल्ये तुम्ही पाळता काय' असे विचारण्यापूर्वी तोच प्रश्न आपण स्वतःला विचारू या. समतेचा जाहीरनामा आपणही छापतो. पाणवठा, स्मशान आणि लग्नाचा मांडव या तीन जागी त्याचे काय होते, हे आपल्या गावांत गेल्यावर पाहा. मूल्ये कोणाची, हा वाद तोपर्यंत थांबू शकेल. वाटेवर पडलेला मनुष्य मात्र तितका वेळ थांबू शकत नाही.